‘स्वल्प’ हा चीट कोड नव्हता

मंजुअक्का चीटर नव्हती.

हे मी पंचवीस वर्षं उशिरा लिहितोय, आणि आता ती वाचायला नाही.

काल दुपारी ती गेली. तेव्हापासून आपल्या बंगलोरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फुलं, जोडलेले हात आणि ‘आपली पहिली लेडी गेमर, लेजंड!’ असले मेसेज पडतायत.

लेजंड?

आपणच हाकललं होतं ना तिला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मंजुअक्का चिकपेटची. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, तिथे साड्यांचं दुकान. चार पिढ्या बंगलोरात, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ती जयनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि मी तिचा स्टुडंट.

दुपारची बॅच सुटली की मशीन्स केबलने जोडून ती आमच्याबरोबर तो बंदुकीचा खेळ खेळायची. नाव सांगत नाही, आमच्या पिढीला कळलं असेल.

आम्हाला धुऊन काढायची.

अक्का डावखुरी होती.

दुकानात अण्णा तिला डाव्या हाताने साडी उलगडू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही म्हणे. प्रसाद उजव्या हातात घे, हळदीकुंकू उजव्या हाताने लाव. क्लासमध्ये माऊस डावीकडे ठेवला तर मालकसुद्धा कुरकुरायचा.

एकदा तिने खेळाची कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. साधी टेक्स्ट फाइल. कुठलं बटण दाबलं की काय व्हायचं, ते ओळीओळीने लिहिलेलं. हवं तसं बदला, सेव्ह करा, खेळ निमूट ऐकतो.

“हे बघ रे. पुढं, मागं, उडी, सगळं कीबोर्डच्या उजव्या बाजूला आणलंय. माऊस डाव्या हातात. आणि ही ओळ बघ. हँड वन.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आतला माणूससुद्धा बंदूक डाव्या हातात धरतो!”

मग हसली. “जन्मभर सगळे मलाच सांगतात, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, थोडं जुळवून घे. हा पहिलाच बघ, जो माझ्यासाठी अ‍ॅडजस्ट झाला.”

म्हणून एका बटणाला तिने नावच दिलं होतं, स्वल्प. ते दाबलं की लांबचं जवळ दिसायचं, माऊस हळू व्हायचा, नेम नीट धरता यायचा. आणि स्क्रीनवर वरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत तो शब्द उमटायचा. तोही तिनेच फाइलमध्ये लिहिलेला, निव्वळ गंमत म्हणून.

स्वल्प म्हणजे थोडंसं. भाजीवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत अख्खं शहर दिवसभर म्हणत असतं.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात या खेळाची स्पर्धा झाली. कल्पना समीरची. तो पुण्याहून नुकताच नोकरीला आलेला. शुद्ध मराठी, फाडफाड इंग्लिश, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे मागे. त्याने मला परीक्षक केलं. मी हवेत.

फायनलला समीर आणि मंजुअक्का.

समीर हरला. वीस-सहा.

मग त्याने तिच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. “हे काय येतंय मघापासून? स्वालपा? चीट कोड आहे हा!”

“अरे, स्वल्प ते. थोडंसं,” अक्का म्हणाली.

“थोडंसं चीटिंग का?”

हॉलमध्ये हशा.

अरे शुद्ध मराठीवाल्यांनो! शाळेत स्वल्पविराम शिकला होतात ना? तिथे काय चीट कोड होता?

कुणीतरी मागून म्हणालं, “माऊस डावीकडे, बंदूक डावीकडे, सगळंच उलटं. आणि मराठी तरी धड बोलते का ही?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं.

मी इथलाच. बाबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, मी गल्लीत कन्नड बोलत वाढलेला. मला तो शब्द माहीत होता. ती फाइल तिने मला ओळ न् ओळ समजावली होती. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम. डिसक्वालिफाइड.”

कुठला नियम? ‘आपली कॉन्फिग फाइल फ्लॉपीवर आणता येईल’ हा नियम मी माझ्या हाताने लिहून नोटीस बोर्डावर लावला होता!

तिने फ्लॉपी काढली, पर्समध्ये टाकली. मी दारापर्यंत मागे गेलो. काय बोलणार होतो देव जाणे.

“बिडो,” ती म्हणाली. सोड रे.

क्लासमध्ये ती माझ्याशी आधीसारखीच बोलत राहिली. मंडळात मात्र पुन्हा कधी आली नाही. एका गणपतीलाही नाही. आणि आपल्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की मंजू का येत नाही.

समीर, तू आता एचएसआर लेआउटला असतोस. सकाळी उठून ‘लेजंड’ लिहिलंस. ते डिलीट कर, नाहीतर खाली लिही की तू हरला होतास. वीस-सहा.

तुझ्यापेक्षा जास्त राग मला माझा येतोय. तुला शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता.

आज सकाळी अंत्यदर्शनाला गेलो. फूल डाव्या हातात घेतलं.

“उजव्या हातानं रे,” कुणीतरी म्हणालं.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. आता ऐंशीच्या पुढचे. मान वर न करता म्हणाले, “इरली. राहू दे. तिचा हात तोच होता.”

मी फूल वाहिलं, चपला घातल्या आणि जिन्यात बसून ढसाढसा रडलो.

अक्का, परीक्षक म्हणून निकाल आज जाहीर करतो, सगळ्यांसमोर. फायनल तू जिंकलीस. नियमात राहून.

माफ कर. निरोप घेतो.