आईच्या फोटोवरचा हार

मला कुणी काही विचारलं की मी आधी होकाराची मान हलवते. त्याने बोलणं लवकर संपतं. शाळेत असल्यापासूनची सवय आहे ही. उत्तर येत असायचं, पण हात वर जायचा नाही. इथे परदेशात घरी मराठी, बाहेर इंग्रजी, आणि दोन्हीकडे जमेल तितकं कमी, असंच माझं चालत आलंय.

फेब्रुवारीच्या शेवटी सिस्टरनी मला ग्रंथालयाच्या जिन्यात गाठलं, तेव्हाही मी तेच केलं. माझं विद्यापीठ कॅथलिक आहे. हार्बरफ्रंट स्टेशनहून बसने दहा मिनिटांवर चार मजली इमारत, तळमजल्यावर कँटीन, वर एका टोकाला ग्रंथालय आणि दुसऱ्या टोकाला चॅपल. विद्यार्थ्यांचे सगळे कार्यक्रम या सिस्टर, तिथल्या नन, बघतात. सत्तरीच्या आहेत, पण जिना आमच्यापेक्षा भरभर चढतात. तरुणपणी त्या अमेरिकेत शिकायला होत्या. तिथे मार्च हा महिला इतिहास महिना म्हणून पाळतात, ती पद्धत त्यांनी इथे आणली.

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी फोटोचा मान ठेवायचा तर काय करतात? फुलांचा हार घालतात ना?"

आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमधला हॉल माझ्या डोळ्यांसमोर आला. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही. टीव्हीच्या वरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे आणि शेजारच्या भिंतीवर आईच्या आईचा फोटो. त्या फोटोला चंदनाचा हार आहे. मी मान हलवली. सिस्टरनी छोट्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. कशासाठी विचारताय, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण विचारलं नाही.

यंदाचा कार्यक्रम साधा होता. ग्रंथालय आणि चॅपल यांच्यामधल्या लांब गॅलरीत प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका बाईचा फोटो लावायचा आणि खाली कार्डावर तिच्याबद्दल लिहायचं. विद्यार्थी, शिक्षक, कँटीनमधले लोक, सगळ्यांसाठी. बाई हयात असेल तर तिची परवानगी घ्यायची.

आईने आधी सरळ नाही म्हटलं. "मी कसला इतिहास? इतिहासात जाण्यासारखं मी काय केलंय?"

बाबा तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातून नुकतेच आले होते, मोजे काढत होते. ते म्हणाले की घरातली सगळी भांडणं जिंकलीस, तेवढं पुरे आहे. आई हसली नाही. ती एक वाक्य नेहमी म्हणते, ते तिने पुन्हा म्हटलं, "माझं जे व्हायचं होतं ते पुण्यातच होऊन गेलं."

पुण्याजवळच्या औषधांच्या एका कारखान्यात आई केमिस्ट होती. तयार गोळ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. मी चार वर्षांची असताना बाबांना इथे नोकरी लागली आणि आम्ही त्यांच्या पासवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या परवान्याच्या आधारावर, आलो. त्या पासवर तिला नोकरी मिळण्यासारखी नव्हती, पुढे मी लहान होते, मग फार वर्षं झाली होती. हे वाक्य ती रडून किंवा चिडून म्हणत नाही. पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना, बाकी काही म्हणावं तसं म्हणते. म्हणूनच मला ते आवडत नाही. तिला कुठेतरी भिंतीवर, लोकांच्या समोर, बघायचं होतं मला. मी सहसा कुठल्या गोष्टीचा हट्ट धरत नाही, याचा धरला.

आठ दिवसांनी तिने स्वतःच कपाटातून फोटो काढून दिला. पांढरा कोट, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात फ्लास्क, मागे बाटल्यांच्या रांगा. सव्वीस वर्षांची असेल त्यात. शुक्रवारी अर्धी रजा टाकून तीन वाजता बघायला येते म्हणाली. येताना कुठली साडी नेसू, हेही विचारलं. तिला किती यायचं होतं ते मला त्यावरून कळलं.

रजा टाकायची कारण आई आता पुन्हा नोकरी करते. आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर ती एका शाळेत लॅब टेक्निशियन म्हणून लागली. मुलांच्या प्रयोगांसाठी द्रावणं तयार करायची, बाटल्यांवर लेबलं लावायची, नंतर सगळं धुऊन ठेवायचं. तीन वर्षं झाली. कार्डावर मी यातलं काही लिहिलं नव्हतं. पुण्याची प्रयोगशाळा, सही, आणि आमच्यासाठी सोडलेली नोकरी, एवढंच लिहिलं. चांगलं इंग्रजी लिहिलं होतं, शेवटचं वाक्य तर दोनदा सुधारलं होतं. शाळेतली नोकरी का वगळली, याचं उत्तर मी तेव्हा स्वतःलाही दिलं नाही. जागा कमी आहे, असं म्हटलं. कार्डाचा खालचा तिसरा भाग कोरा होता.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी कँटीनमध्ये कॉफी घ्यायला गेले. तिथल्या तमिळ आंटीने पैसे घेतले नाहीत. माझा हात धरला आणि हळू आवाजात, इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "गर्ल, तुझी आई गेली? कधी? मला सांगायचं तरी ना, लाह."

मी कॉफी तिथेच ठेवून वर पळाले.

गॅलरीत सगळ्या फोटोंखाली ऑर्किडची एकेक डहाळी होती. फक्त दोन फोटोंना भरगच्च हार घातले होते, मोगरा आणि झेंडूचे, लिटल इंडियात, इथल्या भारतीय बाजारात, मिळतात तसे. एक आंटीच्या आईच्या फोटोला. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तिथे काहीच वावगं नव्हतं. दुसरा माझ्या आईला. सव्वीस वर्षांची आई हाराच्या मधून चष्म्यातून बघत होती. खाली माझं कार्ड. समोर दोन मुली उभ्या होत्या. त्यांतली एक माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटून हसली, सांत्वनाला आलेले लोक हसतात तसं.

हार काढून टाकणं दोन सेकंदांचं काम होतं. पण त्या मुली बघत होत्या, आणि तो कुणीतरी मुद्दाम घातलेला होता. मी सिस्टरच्या खोलीत गेले. त्या खुर्चीत बसून बूट काढून पाय चोळत होत्या. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. सकाळी सहाला निघून मी स्वतः लिटल इंडियात गेले, म्हणाल्या. फुलवाल्याने विचारलं कुणासाठी, मी म्हटलं दोन मोठ्या बायकांसाठी, तर त्याने सर्वांत चांगले हार काढून दिले. मग म्हणाल्या की हा ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, चॅपलमध्ये वेदीवर चाळीस दिवस एक फूल ठेवत नाहीत, आणि मला त्याची दर वर्षी चुटपुट लागते. निदान गॅलरीत तरी फुलं आहेत. तुला आवडलं का, असं त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

बाहेर आले आणि ठरवलं की जेवणाच्या सुट्टीत गॅलरी रिकामी झाली की हार काढायचा, बॅगेत टाकायचा, विचारलं तर वाळला म्हणायचं. आईला काही कळणार नाही. तीनला अजून खूप वेळ होता. बारा वाजता गॅलरीत एक वर्ग आला, शिक्षिका एकेक कार्ड वाचून दाखवत होत्या. एक वाजता कुणीतरी जिन्यात बसून डबा खात होतं. दीडला मी शेवटी फोटोसमोर जाऊन उभी राहिले, हात वर केला, आणि मागून आईचा आवाज आला.

"लवकर सुटले. शेवटचा वर्गच रद्द झाला."

ती निळी साडी नेसून आली होती. तिची नजर माझ्या हाताबरोबर वर गेली. मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या चपलांकडे बघत होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "जिवंतपणी बघायला मिळालं."

मी घाईघाईने सगळं सांगितलं. जिन्यातला प्रश्न, मी हलवलेली मान, आजीचा फोटो, कुणाला काही माहीत नाही. ती ऐकत होती की नाही कळेना.

"आपण शुभ-अशुभ काही मानत नाही," ती म्हणाली. पदर सारखा केला. "तरी काढ तो."

मी हार काढला. आईने चष्मा लावला आणि कार्ड वाचायला लागली. सावकाश, बोट एकेका ओळीखाली धरून, प्रयोगशाळेत लेबल वाचतात तसं. मला वाटलं, आता निदान हे तरी आवडेल.

"इंग्रजी छान आहे तुझं," ती म्हणाली. "पण हे वाचल्यावर हार घालणाऱ्याची काय चूक? ही बाई गेलेलीच आहे. रोज सकाळी सहाला उठून मी कुठे जाते?"

त्या क्षणी मला ते उत्तर मिळालं, जे मी स्वतःला दिलं नव्हतं. पुण्यातली केमिस्ट भिंतीवर शोभत होती. शाळेत बाटल्या धुणारी शोभेल असं मला वाटलं नव्हतं. तिचं ते नेहमीचं वाक्य मला आवडत नव्हतं, आणि मी तेच सुधारून, इंग्रजीत, भिंतीवर टांगलं होतं.

हातात हार होता आणि मोगऱ्याचं पाणी मनगटावर ओघळत होतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी आईला फोटोवरून ओळखलं, दोन्ही हात पुढे केले आणि मग माझ्या हातातला हार त्यांना दिसला. "पडला का?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. आईही माझ्याकडेच बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं.

"पडला नाही, सिस्टर. मी काढला," मी म्हटलं. "आमच्याकडे हार गेलेल्या माणसांच्या फोटोला घालतात. तुम्ही विचारलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. सकाळीही मी नुसती मान हलवली."

सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. हसू येतंय की रडू ते त्यांनाही कळत नसावं. आईच त्यांना म्हणाली की फुलं फार सुंदर आहेत, इतका मोठा हार मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. मग दोघी हसल्या. सिस्टरनी मला नंतर एकटीला गाठून सांगितलं की यापुढे मी तुला मान हलवू देणार नाही, शब्द हवेत. त्या तसं खरंच करतात.

सिस्टरच्या खोलीतून मी कोरं कार्ड आणलं. आई गॅलरीतल्या बाकावर बसली होती, मी शेजारी बसले आणि विचारलं, "आज काय केलंस?"

"आज? काही विशेष नाही." तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या. "चाळीस मुलांसाठी सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण केलं. एका मुलीच्या हातून पिपेट फुटली, रडायला लागली. तिला सांगितलं, मी आजवर किती फोडल्यात ते विचारूच नकोस. मग द्रावण गुलाबी व्हायला लागलं की कुठल्या थेंबावर थांबायचं, ते तिला दाखवलं. तिच्या टीचरला घाई होती."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. सुधारलं काहीच नाही. आई म्हणाली, जुनं कार्डही ठेव, ते खोटं नाही. नवं त्याच्या खाली लावलं.

खाली उतरलो तेव्हा कँटीनच्या आंटीने आईला बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला पळा तसाच राहिला. आई तिच्याजवळ जाऊन इंग्रजीत म्हणाली, "मी अजून आहे." आंटीने आम्हा दोघींना कॉफी दिली आणि या वेळी पैसे घेतले.

घरी जाताना हार प्लास्टिकच्या पिशवीत आईच्या मांडीवर होता. एमआरटी मेट्रोच्या डब्यात मोगऱ्याचा वास पसरला होता. पासिर रिसला पोचल्यावर तिने चंदनाचा हार उतरवला, आजीच्या फोटोची काच पदराने पुसली आणि फुलांचा हार घातला. तिथे तो बरोबर दिसत होता.

सोमवारी दुपारी ग्रंथालयात असताना तिचा मेसेज आला. "आज लाल लिटमस संपला. दुसऱ्या शाळेतून मागवून आणला. लिहायचं असेल तर लिही." मंगळवारी आणखी एक आला, एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाबद्दल, जरा लांब. त्यानंतर रोजच यायला लागले. ते मी गॅलरीत जाऊन लिहीत गेले, आणि जुन्या कार्डाचा खालचा कोरा भागही बुधवारीच भरला. मी सिस्टरच्या खोलीत गेले आणि, कुणी काही विचारायच्या आत, आणखी कार्डं मागितली.