एक नंबर मोठे हातमोजे

रेल्वेचं फाटक पडलं होतं. शेजारच्या मोटारसायकलवरच्या दूधवाल्याचे उघडे हात मांडीवर निवांत पडले होते. माझी बोटं मात्र गाडी बंद केली तरी हँडल सोडत नव्हती. लांबच्या शाळेत बदली झाली, म्हणून शेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलो. महिना झाला, वर्गात खडूसुद्धा धरवत नाही.

दूधवाल्याने माझ्या हातमोज्याचं लोंबणारं टोक चिमटीत धरलं. "गुरुजी, ढगळ आहेत हे. आत हात सरकतो, म्हणून तुम्ही जास्त आवळता."

दुकानदारही म्हणाला होता, मापाचे घ्या. मीच एक नंबर मोठे मागितले. आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. शर्ट असो, चपला असोत, आई म्हणायची, "असू दे, पुढच्या वर्षी बसेल." त्या पुढच्या वर्षाच्या भरवशावर मी किती काय काय ढगळच वापरत आलो.

हातमोजे काढले. दुखरे तळवे जरा वेळ उन्हात धरले. कातडी सैल पडू लागलीय. हे हात आता वाढायचे नाहीत, एवढी साधी गोष्ट दुकानात माझ्या लक्षातच आली नव्हती.