कागदी कपातला चहा

टोरोंटोच्या आमच्या ऑफिसात जो तो आपापली कॉफी आणतो. मॅनेजर मात्र इंग्लंडचा. स्वतःसाठी उठला की सगळ्यांना विचारून चहा करायचा. एकट्यापुरता करणं त्यांच्याकडे असभ्यपणाचं. माझी दोन चमचे साखर सहा वर्षांत कधी चुकली नाही. धक्का आपला लागला तरी सॉरी तोच म्हणायचा. वाईट बातमी असली की हवेबद्दल बोलायचा.

त्या सोमवारी त्यानं माझा चहा कागदी कपात आणला. "थंडी आज नॉट टू बॅड," म्हणाला.

"माझा निळा कप कुठंय?"

"सॉरी," म्हणून तो केबिनमध्ये गेला.

दहा मिनिटांनी एचआरनं बोलावून नोकरी गेल्याचं पत्र दिलं, आणि माझ्या सामानाचा खोका. वरच निळा कप होता, पेपरात गुंडाळलेला. एवढा लख्ख कप आमच्या ऑफिसात एकच माणूस धुतो.