पुरता दाब, मग टाक

बायआत्या चहासुद्धा उभ्याने प्यायची, आणि तोही बाहेर गाडीचं इंजिन चालू ठेवून. "अगं, टेक जरा," कुणी म्हटलं की म्हणायची, "टेकून काय अंडी उबवायची आहेत?" कप खाली ठेवेपर्यंत ती फाटकापाशी पोचलेली असायची.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. गिरीज गावच्या आमच्या वाडीतली केळी, अळू, पानं सगळं सकाळी वसईच्या बाजारात तीच न्यायची. मागची सीट पाडून त्यावर घड रचलेले. आमच्या घरातल्या नवऱ्या, बाळंतिणी आणि परीक्षार्थी त्याच जुन्या लाल गाडीतून, केळफुलाचा चीक कपड्यांना लावून घेत, मुक्कामी पोचले.

मला गाडी तिनेच शिकवली. म्हणजे तिने शिकवली. मी शिकलो की नाही, यावर घरात अजून मतभेद आहेत. "क्लच पुरता दाब, मग गिअर टाक. अर्धवट दाबलास तर तो ओरडणारच!" मी अर्धवट दाबायचो, गिअर खर्रर्र करायचा आणि खांद्यावर चापट बसायची. "पुरता, बाळ्या, पुरता!" पन्नाशी आली तरी मी बाळ्याच.

काही वर्षांपूर्वी तिचा फोन आला. "गिअर पडत नाही रे. दोन गॅरेजवाले झाले. म्हणतात, गाडी ठीक आहे. आंधळे मेले! तू ये." आमच्या घराण्यात गाडीसाठी मला बोलावणं म्हणजे अतीच झालं. चंदनसारच्या माझ्या घरून निघेपर्यंत मी मोबाइलवर व्हिडिओ बघून अर्धा मेकॅनिक झालो होतो.

पोचलो तर आत्या गाडीभोवती येरझारा घालत होती. "आलास? मला वाटलं, मुहूर्त काढतोयस."

मी गंभीर चेहरा केला. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले, मुकाट पडले. मग तिला चालू करायला लावलं. खर्रर्र! "म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये," मी जाहीर केलं. क्लचचं तेल पाहिलं, भरलेलं होतं. खाली वाकलो तर पेडलच्या मागे केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपाची गुंडाळी अडकलेली. "हा बघ चोर!"

"शाबास. बापाने तुझ्यावर केलेला खर्च वसूल झाला," आत्या म्हणाली आणि घाईने चढली.

खर्रर्र.

"सरक, मी बघतो." मी विहिरीपर्यंत गाडी नेली आणि रिव्हर्समध्ये परत आणली. माझ्या हातून, माझ्यासुद्धा हातून, एकदाही आवाज झाला नाही. आत्या गिअरकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता तू," मी म्हटलं आणि शेजारी बसलो. या वेळी नजर तिच्या पायावर ठेवली. डावा हात गुडघ्यावर दाबून ती पाय खाली ढकलायची. तोच हात गिअरवर नेला की पाय सुटायचा आणि पेडल अर्ध्यावर यायचं. तो पाय उजव्याच्या मानाने फारच बारीक झाला होता. ती कधी बसलीच नाही, म्हणून कुणाला दिसलाच नव्हता.

मी म्हटलं, "क्लचप्लेट गेलीये, आत्या. गाडी थोडे दिवस माझ्याकडे राहू दे."

तिने इंजिन बंद केलं. वाडीत एकदम पाखरं ऐकू यायला लागली.

"प्लेट गेली नाहीये," ती म्हणाली. "गॅरेजवाले खरं बोलले. तू तरी खोटं बोलशील म्हणून बोलावलं. बोललास, बरं वाटलं."

मग ती उतरली, बॉनेटला धरत धरत वळसा घालून माझ्या दाराशी आली. "हो तिकडे. पानं सुकताहेत."

पुढे माल टेम्पोने जाऊ लागला. रविवारी मात्र मी तिला लाल गाडीतून बाजारात न्यायचो. सिग्नलला ती चुळबुळायची, रिक्षावाल्यांचा उद्धार करायची, आणि मी गिअरला हात घातला की मी न सांगता तिचा डावा पाय पुढे सरकायचा. जितका दाबता येईल तितका.

गेल्या वर्षी ती गेली. गाडी आता आमच्या बिल्डिंगखाली असते. विका, विका म्हणून बायकोने पिच्छा पुरवलाय, म्हणून परवा आतून धुवायला काढली. माझ्या बाजूची चटई बऱ्यापैकी धड आहे. डाव्या बाजूची एका जागी झिजून पार पातळ झाली आहे. तिथे पेडल कधीच नव्हतं.