दोरा ओवण्यासाठी एक भोक

म्हादू गेल्याचा फोन आला तेव्हा लेथ चालू होता आणि माझ्या हातात मायक्रोमीटर होता. फोन मढहून, त्याच्या धाकट्या भावाचा, बाबूचा. लेथच्या आवाजात मला फक्त ‘दादा गेला’ एवढंच ऐकू आलं आणि मी विचारलं, “कुठं गेला?” बाबू परत तेच म्हणाला. मग मी लेथ बंद केला. सकाळी अंगणात चहा पिता पिता गेला, म्हणाला. कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. याला आता सहा आठवडे होतील, पण तो माझा ‘कुठं गेला’ अजून कानात आहे. असले वेंधळे प्रश्न मी त्याला जन्मभर विचारले आणि तो प्रत्येकाचं उत्तर शोधून आणून द्यायचा. कधी दोन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, पण द्यायचा.

म्हादू म्हणजे महादेव, मढचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमचं घर ओतूरचं, शेतकऱ्याचं. आठवीत तो ओतूरच्या शाळेत आला, वसतिगृहात राहिला आणि माझ्या बाकावर बसला, कारण माझ्याशेजारी दुसरं कुणी टिकत नव्हतं. माझ्या नाकावर राग. तो इतका सावकाश की हजेरीला ‘हजर’ म्हणेपर्यंत मास्तर पुढच्या नावावर गेलेले असत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याचे वडील मेंढरांच्या वाड्याला जाळीचं कुंपण लावत होते. मी हौसेनं एक मेख ठोकली, चांगली सरळ, आणि ऐटीत उभा राहिलो. त्यांनी जाळीला एक हिसका दिला आणि मेख वर आली. “पावणं,” ते म्हणाले, “मेख ओढीच्या उलटी कलती ठोकायची. सरळ मेख धरीत न्हाई.” मग एडक्याची दोरी मी हाताला गुंडाळून घेतली होती, तीही त्यांनी सोडवली. “दावं हाताला कदी गुंडाळायचं न्हाई. जनावर पळालं तर खांदा घिऊन जाईल.” म्हादू बाजूला उभा राहून हसत होता. ते हसणं पुढं त्याला भोवलं, पण ते नंतर.

तो पुण्यात इंजिनिअर झाला आणि सरकारी परीक्षा देऊन मुंबईला पेटंट तपासायच्या नोकरीला लागला. मी आयटीआय करून ओतूरला लेथ टाकला. शनिवारी तो गावाकडे यायचा तेव्हा आधी माझ्या शेडमध्ये उतरायचा. त्याची नोकरी मला समजायला दोन वर्षं लागली. “कुनीतरी अर्ज करतो,” तो म्हणायचा, “का ह्ये माझ्या आदी कुनीच केलं नव्हतं. मी बसून हुडकतो, केलं व्हतं का.” त्याच्या टेबलावर शस्त्रक्रियेच्या सामानाच्या फायली येत. त्यातही खांद्याचा, गुडघ्याचा स्नायू हाडापासून सुटला की तो परत हाडाला बांधून ठेवायच्या खिळ्या, स्क्रू, आकडे. मेंढपाळाच्या पोराला सरकारनं बरोबर मेखाच दिल्या, असं मी चिडवायचो. आपल्याकडे भेटला माणूस की ‘काय नवीन?’ विचारायची रीत. हा त्या प्रश्नावर खरोखर विचार करत उभा राहायचा आणि म्हणायचा, “काय न्हाई, समदं जुनंच.” स्वतः मात्र कुणाला ‘काय नवीन’ कधी विचारायचा नाही. “त्यो प्रश्न मी पगार घिऊन इचारतो, फुकट कशाला?”

नव्वदच्या सुमाराला नारायणगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी मला तसलीच एक खिळी दाखवली. परदेशातली, वापरून वाकलेली. खिळी हाडात बसवायची, तिच्या मागच्या भोकात दोरा ओवायचा आणि त्या दोऱ्यानं स्नायू हाडाला बांधायचा. ते तिला अँकर म्हणत. मी खिळीच म्हणत आलो. त्यांना तसली स्वस्तात हवी होती. मी सर्जिकल स्टीलची सळई आणून महिनाभर डोकं घातलं आणि आत गेल्यावर दोन बारीक पंख उघडणारी खिळी केली, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. डॉक्टर खूश, पण एक तक्रार होती. गाठ मारताना भोकाच्या काठाला दोरा कातरायचा. मला आमच्या विहिरीचा दगड आठवला. दोरानं त्याला खाच पडलेली, आणि त्या खाचेत दोर कधी कातरत नसे, कारण ती त्यानंच पाडलेली. मग मी प्रत्येक खिळीच्या भोकातून पॉलिशची पेस्ट लावलेला दोरा, डॉक्टर ओढतात त्याच तिरप्या बाजूनं, अर्धा अर्धा तास ओढायला लागलो. भोकाला दोऱ्याची वाट पडली आणि तक्रार बंद झाली. ती मी सफाई धरली. हाताखालून काम जाताना सफाई करायचीच असते, तिची कुणी वाच्यता करतं का?

माझा जीव होता पंखांवर. लेथवर आयुष्य गेलं, दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, पण हे माझं स्वतःचं होतं. याचं पेटंट घ्यायचं मी ठरवलं आणि आपला माणूस आतच आहे म्हणून निर्धास्त होतो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी म्हादूपुढं चित्र ठेवलं. खिळ्या खिशात होत्या, पण चित्रच इतकं झकास उतरलं होतं की तेच पुढं केलं. त्यानं भज्यांचे हात पुसले, चित्र बराच वेळ पाहिलं आणि दोन आठवडे मागून घेतले. दोन आठवड्यांनी त्याच टेबलावर एका जर्मन कागदाची झेरॉक्स ठेवली. भाषा मला कळेना, पण पंख कळले. माझेच पंख होते.

“नवं न्हाई, सदा,” तो म्हणाला. “आदी झालंय.”

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुला माझं बघवत नाही, असं म्हणालो... आणि त्याच्या वडिलांच्या मेंढरांवर गेलो, ते तर फारच वाईट होतं. त्यानं चहा संपवला आणि मढची एसटी धरली. मी हट्टानं अर्ज केलाच. मनात धरून बसलो की राग शांत झाला की तोच फाईल पुढं ढकलेल. यानं काय करावं? फाईल आल्याचं कळताच ‘अर्जदार माझा मित्र आहे’ असं साहेबांना लिहून दिलं आणि ती दुसऱ्याच्या टेबलावर गेली. त्या दुसऱ्यानं कुणी न सांगता नेमका तोच जर्मन कागद शोधून काढला. मला तपासणी अहवाल आला, उत्तर द्यायला मुदत होती. मी तो अहवाल लेथखाली तेल गळायचं तिथं अंथरला. उत्तर गेलं नाही, अर्ज आपोआप बाद झाला.

चार वर्षं आम्ही बोललो नाही. शनिवारी मढची एसटी माझ्या शेडसमोरून जायची आणि मी मुद्दाम पाठ करून काम करायचो. खिळ्या बनवतच होतो, डॉक्टर बसवतच होते. पंचक्रोशीतल्या किती खांद्यांत ओतूरची खिळी असेल सांगता येत नाही. पण हातून चांगलं काम झालं की दाखवायला माणूस नव्हता, हे मला टोचायचं. आणि ते मान्य करायचं नाही म्हणून मी सगळ्यांवर खेकसायचो. घरचे म्हणायचे, जाऊन ये एकदा मढला. मी जायचो नाही.

एका शनिवारी एसटी थांबली. म्हादू उतरला, उजवा हात गळ्यात बांधलेला. शेडच्या दारात उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, “काय नवीन, सदा?”

“हाताला काय झालं?” मी विचारलं.

“एडक्याचं दावं हाताला गुंडाळलं व्हतं.”

आधी मी हसलो. मग तो हसला, मग त्याला कळ आली आणि तो स्टुलावर बसला. खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला होता. नारायणगावच्या डॉक्टरांनी त्याला, तुम्ही मुंबईचे साहेब, तिकडंच परदेशी खिळ्या बसवून घ्या, असं सुचवलं होतं. “दोन खिळ्या दे,” तो म्हणाला.

“माझ्या? अरे, तूच तर म्हणालास...”

“नवं न्हाई म्हणलं व्हतं मी, सदा. वाईट कुठं म्हणलं व्हतं?”

चार वर्षांचा राग एवढ्याशा वाक्यात निघून जावा याचीच मला लाज वाटली. मी पाठ करून कपाटात खिळ्या शोधत राहिलो, जरा जास्तच वेळ. त्याच्या हातावर दोन ठेवल्या. त्यानं डाव्या हातानं खिशातून भिंग काढलं आणि उजेडाकडे वळून पाहायला लागला. पाहता पाहता त्याचा चेहरा बदलला. “ह्या भोकाच्या काठाला काय केलंय?”

“काही नाही. सफाई.”

“कशी?”

मी विहिरीचा दगड सांगितला, पेस्टचा दोरा सांगितला. त्यानं दुसरी खिळीही भिंगातून पाहिली आणि विचारलं, “अर्जात भोकाबद्दल काय लिवलं व्हतंस? मी फाईल उघडली न्हाई कदी.”

पंखांवर सतरा पानं लिहिली होती. भोकाला एक ओळ होती, ‘दोरा ओवण्यासाठी एक भोक.’ ती मी त्याला सांगितली.

त्यानं भिंग खाली ठेवलं. “दहा वर्षं मी ह्येच बघतोय. दोरा कातरतो म्हणून कुनी मेणाचा लावतो, कुनी जाड करतो. दोऱ्याकडून वाट पाडून घेतलेली मी कुठंच वाचली न्हाई.”

“म्हणजे नवीन आहे?” मी विचारलं.

“नवीन हाय असं आमी कदीच म्हणत न्हाई. जगातलं समदं कुनी बघितलंय? सापडलं न्हाई, एवढंच म्हणतो.” मग म्हणाला, “पन मला सापडलं न्हाई, सदा.”

आता अर्ज करून उपयोग नव्हता. इतकी वर्षं उघड विकलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, हेही त्यानंच सांगितलं, खाली मान घालून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आम्हा दोघांना लागू पडलं. त्या दिवशी हॉटेलात खिळ्या माझ्या खिशात होत्या आणि मी चित्र दाखवत बसलो. त्याच्यापुढं मी बसलो होतो आणि तो कागद बघत बसला. “मी मागायला पायजे व्हती,” तो म्हणाला. “वस्तू हातात घ्यायला पायजे व्हती.” मी म्हणालो, मी शिव्या द्यायला नको होत्या. तेवढ्यावर आम्ही ते मिटवलं आणि चहा मागवला. पेटंट गेल्याचं वाईट वाटलं का? वाटलं, अजून वाटतं. पण ज्यानं ‘नाही’ म्हटलं होतं त्यानंच भिंगातून बघून ‘मला सापडलं न्हाई’ म्हटलं, आणि माझं पोट भरलं.

ऑपरेशनच्या आधी त्यानं नारायणगावच्या डॉक्टरांना वडिलांची मेख समजावून सांगितली, ओढीच्या उलटी कलती. डॉक्टर म्हणाले, “आम्ही तशीच बसवतो, महादेवराव.” तो म्हणाला, “बरं झालं, म्हंजे ह्ये बी जुनंच.” हात चांगला वर जायला लागला. नंतर दर शनिवारी तो यायचा, भिंग माझ्याच शेडमध्ये भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवायचा आणि मी काहीही सांगायला लागलो की म्हणायचा, “आदी वस्तू दे हातात, मग बोल.” निवृत्त होऊन मढला आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या नातीनं केलेला मातीचा बैल त्यानं दहा मिनिटं भिंगाखाली पाहिला. तिला म्हणाला, “असली शिंगं मला कुठं सापडली न्हाईत.” पोरगी आठवडाभर तेच सांगत फिरत होती.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायला मी मढला गेलो. राख अजून कोमट होती. बाबू बोटांनी अस्थी वेचत होता, मध्येच थांबला. “सदाभाऊ, ह्ये काय सापडलं बघा.” दोन खिळ्या होत्या, निळसर काळ्या पडलेल्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. मी राखेजवळ खाली बसलो. बाबूनं त्या पाण्यानं धुतल्या आणि माझ्या पंज्यात ठेवल्या. “न्या तुमी. तुमच्याच हायेत.” मी म्हणालो, एक त्याच्याबरोबर जाऊ दे. आणि एक अस्थींच्या गाडग्यात परत टाकली.

दुसरी माझ्याकडे आहे. काल शेडमध्ये कुणी नव्हतं, तेव्हा त्याचं भिंग भिंतीवरून काढलं आणि तिच्या भोकात शिवणाचा साधा दोरा ओवला. दोरा आला, गेला... आला, गेला. कुठं अडकला नाही. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, महादेवरावांसारखा माणूस पुन्हा होणे नाही. मी मान हलवत नाही. असं म्हणणं त्याला आवडलं नसतं. जगातली सगळी माणसं कुणी बघितलीत? मला सापडला नाही, एवढंच म्हणतो.