पंचांगमावशीचे पाडवे

कोहमाऱ्याच्या नाक्यावरच्या मावशीच्या ढाब्यात एक कॅलेंडर होतं आणि त्यात वर्षाला पाच-सहा पाडवे होते. पंजाब्याची बैसाखी, केरळवाल्याचा विशू, बंगाल्याचा पोइला बैशाख, गुजरात्याचा दिवाळीनंतरचा. प्रत्येकाभोवती लाल गोल. त्या दिवशी त्या मुलखाचा ड्रायव्हर आला की त्याला तांदळाची खीर मिळायचीच. नको म्हणायची सोय नव्हती. आम्ही तिला पंचांगमावशी म्हणायचो.

सडक अर्जुनीच्या शाळेत जाताना मी तिथे चहा घ्यायचो. "मास्तर, तमिळवाल्याचं नवं साल कवा अस्ते?" तिने एकदा विचारलं. मी पडलो गणिताचा मास्तर. माझी फजिती बघून ती हसली. "काऊन, एवढं येत नाही? चौदा एप्रिल. अन् आंध्रावाल्याचं आपल्यासंगंच, गुढीच्या दिवशी. शिकवता काय मंग पोराईले?"

हे वेड तिला नरेशपायी लागलं होतं. एकुलता मुलगा. एका पाडव्याला मायलेकांचं वाजलं आणि तो भरल्या ताटावरून उठून ट्रकवर गेला. पुढे तिचा फोनही उचलेना. "दुसऱ्याच्या पोराले मी खाऊ घालीन, तं माझ्या पोराले कोणी तरी घालनच," ती म्हणायची. मला राग यायचा, नरेशचा आणि तिच्या भाबडेपणाचाही.

यंदा पाडव्याला ती खाटेवर होती. दम लागत होता. दिवस कलला तरी गुढी उतरवू देईना. "पहिले नरेशले फोन लावा. आज त्यानं गोड खाल्लं का, तेवढं इचारा."

मी अंगणात जाऊन फोन लावला. माझा त्याने उचलला. "तमिळनाडूत आहो सर. इकडं कायचा पाडवा? सकाळपासून बिस्किटावर आहो." आई आजारी आहे, ये, असं म्हणेपर्यंत फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

आत येऊन मी सांगितलं, "आंध्रात आहे. हॉटेलवाल्याने बोलावून गोड खाऊ घातलं." तमिळनाडू म्हटलं असतं, तर तिने खोटं लगेच ओळखलं असतं. तिनेच शिकवलेलं मी तिच्यावर वापरलं.

"आंध्रात? मंग आजच अस्ते त्याईचं." तिने डोळे पुसले. "झालं. उतरवा गुढी."

चार दिवसांनी ती गेली. नरेशचा फोन बंदच होता. अग्नी पुतण्याने दिला.

चौदा एप्रिलला सकाळी मला नव्या नंबरावरून फोन आला. नरेशच होता. "सर, जुना मोबाइल बिघडला. इथं आज याईचं नवं साल हाय. एका म्हातारीनं हाक मारून पायसम देलं. लय दिवसानं गोड खाल्लं. आईले सांगा न."

"सांगितलं रे," मी म्हणालो. "पाडव्यालाच सांगितलं."

मग बाकीचं सांगितलं.