रेणूची स्लाइड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवालाही नाही — त्याला आपोआप ठाऊक असेल तर असेल. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक.

मी इंदूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्वभावानं संशयी. पणजोबा दरबारात तपासनीस होते आणि त्यांची नजर माझ्याकडे आली, असं घरात अजून म्हणतात. जर्नलमध्ये सुबक आकृती दिसली की मला आधी ट्रेसिंग पेपर आठवतो. वर्गातली एखादी मुलगी रडायला लागली की आधी वाटतं — खरंच रडतेय का? भाजीवाल्यापासून जावेपर्यंत कुणी सुटत नाही. आणि बरेचदा माझा संशय खरा निघतो, हेच वाईट.

अकरावीला पेशी विभाजनाचं प्रॅक्टिकल असतं. कांदा पाण्याच्या ग्लासावर ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापायची, लाल रंगात गरम करायची, काचेवर ठेवून वर दुसरी पातळ काच टाकायची आणि अंगठ्यानं दाबायचं. मग सूक्ष्मदर्शकात गुणसूत्रं दोन टोकांना खेचली जाताना दिसतात — असं पुस्तक म्हणतं. खरं सांगू? एकोणीस वर्षांत माझ्या वर्गात ती कधी दिसली नव्हती. आमचा तास दुपारी दोनला, मुळं तेव्हाच कापायची, आणि दिसायचे नुसते लाल ठिपके. मग मी शाळेच्या पेटीतली विकतची तयार स्लाइड दाखवायची आणि मुलं पुस्तकात बघून आकृती काढायची. सगळीकडे असंच चालतं, असं मी स्वतःला सांगत होते.

रेणू देपालपुरची. वडील तिथल्या धान्यमंडीत तोलाई करायचे, ती इथे मावशीकडे राहायची. अबोल, मागच्या बाकावरची. त्या दिवशी तिनं मला बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला — आणि गुणसूत्रं होती. स्पष्ट, दोन टोकांकडे निघालेली. एका नाही, चार-पाच पेशींत.

"मैडम, जड़ें सुबे काटी थीं, घर पे," ती म्हणाली. "मैंने अलग-अलग टाइम पे काट के देखा. सुबे वाली में सबसे ज़्यादा दिखता है."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी शिक्षिका होते तिची. मी उठले आणि पेटी उघडली. तयार स्लाइडची जागा रिकामी होती. झालं! सगळ्या वर्गासमोर मी म्हटलं की चोरी पकडली गेली. तिचं दप्तर उलटं केलं. त्यात काही नव्हतं, तर त्याचाही मी पुरावा केला — दप्तरात नाही म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली लावलीय तीच! आणि ती काच मी कुणाला बघू दिली नाही, जप्त केल्यासारखी आत नेली आणि गुपचूप धुऊन टाकली.

शाळेतून विज्ञान शिबिराला एकच नाव जाणार होतं आणि ते रेणूचं होतं. ते मी कापलं. वर तिच्याकडून माफीनामा लिहून मागितला, वडिलांच्या सहीसकट, नाहीतर प्रॅक्टिकलचे गुण शून्य. दुसऱ्या दिवशी वडील पहिल्या बसनं आले. हात जोडून म्हणाले, "मैडमजी, बच्ची है, माफ कर दो." त्यांना वाटलं, तिनं खरंच चोरली. रेणूनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं लिहून दिलं, 'स्लाइड मी चोरली.'

प्राचार्य खूश. "एकदम सही पकडलं तुम्ही, मॅडम! इतकी नजर ठेवतं कोण आजकाल?"

चार दिवसांनी स्लाइड सापडली. माझ्याच कपाटात, पाकिटात. बारावीला दाखवायला मीच नेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ती गुपचूप पेटीत ठेवली आणि गप्प बसले.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. घाईत संशय घेतला, मग लाज वाटली, तोंड उघडलं नाही — कुणाचंही होतं असं. इतक्यावरच थांबायचं म्हणून मी हे कितीदा तरी मनात लिहून पाहिलंय.

पण — आता सरळच सांगते. विकतच्या स्लाइडची वरची काच पक्की चिकटवलेली असते. रेणूच्या स्लाइडची माझ्या बोटाखाली सरकली होती. ओली होती. माझ्या अंगठ्याला लाल रंग लागला होता — पेटी उघडायच्या आधी. ती स्लाइड तिनंच केलीय हे मला पहिल्या क्षणापासून कळलेलं होतं. तो संशय नव्हताच. जे मला एकोणीस वर्षांत जमलं नाही ते एका पोरीनं घरच्या ग्लासावर करून दाखवलं, आणि माझा जळफळाट झाला. मी संशयी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, ते कामी आलं. तिचं दप्तर उलटं करताना मी तो अंगठा मुठीत दाबून धरला होता.

रेणूनं त्या वर्षाअखेरीस शाळा सोडली. पुढे तिनं काय केलं, मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची. अजून वाटते.

आता मी मुलांना मुळं सकाळी घरी कापून आणायला सांगते. दरवर्षी गुणसूत्रं दिसतात. दुसऱ्या शाळांचे शिक्षकही बघून जातात. गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकानं भर वर्गात विचारलं, "ये आपको सूझा कैसे, मैडम?"

"अनुभव से," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही.